श्रावण पाळला म्हणून समुद्राला विश्रांती मिळत नाही

बडोद्यातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: आपण श्रावण पाळतो, त्यामुळे समुद्राला विश्रांती मिळते. पावसात नदीचा मासा, विशेषतः भरूचचा गाभोळीचा (अंड्यांनी भरलेला) पाला, म्हणजे हिलसा, निर्धास्त खावा. पापलेट लहान घ्यावं, म्हणजे मोठी वाचतात. तळ्यात पाळलेली मासळी आणि कोळंबी घेतली की समुद्रावर भार पडत नाही. आणि बडोद्याला मुळात समुद्रच नाही, तेव्हा आपल्या निवडीनं काही बिघडत नाही. मजकूर चांगल्या मनानं लिहिलेला आहे, पण त्यातल्या बहुतेक सल्ल्यांचा परिणाम उलटा होतो.

श्रावणाचं आधी. पश्चिम किनाऱ्यावर केंद्राची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. राज्यं आपापल्या पाण्यात तारखा थोड्या पुढेमागे करतात. बऱ्याच माशांचा विणीचा काळ या पावसाळी महिन्यांत येतो. आपल्या पंचांगात हा काळ ज्येष्ठ-आषाढाचा. श्रावण २०२४ साली ५ ऑगस्टला लागला, २०२५ साली २५ जुलैला. म्हणजे आपण ताट आवरतं घेतो तेव्हा बंदी संपलेली तरी असते किंवा संपत आलेली असते. उलट मासळीला सर्वांत जास्त मागणी आपण करतो ती गटारीला, आषाढाच्या शेवटच्या दिवशी, आणि हा दिवस पुष्कळ वर्षी बंदीतच पडतो. यंत्राच्या बोटी किनाऱ्याला लागलेल्या असताना ताजी सुरमई, ताजं पापलेट हवंच असा हट्ट धरला, तर विक्रेता बहुधा एक तर शीतगृहातला माल काढतो किंवा चोरून धरलेला आणतो.

आपल्या आज्यांनी या महिन्यांसाठी उत्तम सोय करून ठेवली होती: आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, भरलेले सोडे, सुकट, सुके बोंबील. जाफराबादचा बोंबील उन्हात वाळवून जूनच्या आधी घरात आलेला असला की आषाढभर बाजारात ताजं मागायची गरज पडत नाही. बोंबील लवकर वाढणारा मासा आहे, त्यामुळे तो निवडणं सुरमई-पापलेटापेक्षा पुष्कळ सुरक्षित. श्रावण श्रद्धेनं पाळावाच. समुद्रासाठी काही करायचं असेल तर त्याच्या आधीचे दोन महिने सांभाळावेत.

पाल्याबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. मजकुरात त्याला नदीचा मासा म्हटलंय. पाला राहतो समुद्रात. पावसाचं गोडं पाणी खाडीत उतरलं की तो अंडी घालायला नर्मदेत चढतो, आणि भरूच-भाडभूतच्या पट्ट्यात जाळ्यात सापडतो. त्याची गाभोळी म्हणजे न झालेली वीण. आपण तीच बघून घेतो, दाबून बघतो आणि जास्त पैसे मोजतो. न्याय म्हणून हेही सांगायला हवं की पाला कमी झाला त्याचं मोठं कारण आपली ताटं नाहीत. सरदार सरोवर धरणानंतर नदीच्या शेवटच्या टप्प्यात गोडं पाणी घटलं, खारं पाणी आत सरकलं, आणि आता भाडभूतला बंधारा उभा राहतो आहे, ज्याला तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला. त्यांची वर्षाची कमाई या पावसाळी महिन्यांवर असते. म्हणून पाला खाऊच नका असं मी म्हणणार नाही. पण ज्या माशाची वाट आधीच अडली आहे, त्याच्या गाभोळीवरच हात ठेवून ‘निर्धास्त खा’ असं कुणाला सांगवतं?

आता लहान पापलेट. एका ताटात एक बसणारं पापलेट दिसायला छान, भरून तळायला सोपं, म्हणून हॉटेलंही तेच मागतात. पण तळहातात मावणारं पापलेट अजून एकदाही व्यायलेलं नसतं. ते घेऊन मोठी वाचत नाहीत, कारण उद्याची मोठी तीच होती. मोठी वाचवण्याच्या सल्ल्यात एवढंच खरं की मोठी मादी जास्त अंडी देते. म्हणून फार मोठं नको, फार लहान तर मुळीच नको, मधलं घ्यावं आणि चौघांत कापून वाटावं. महाराष्ट्रानं २०२३ साली पापलेटाला राज्यमासा ठरवलं, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबी नेमून दिली.

लहान मासा स्वस्त आणि भरपूर असतो, तेव्हा त्याला काय होणार, असंही कुणी म्हणेल. केरळात तारली हा असाच लहान मासा २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन सापडली होती. २०२१ साली ३,२९७ टन. समुद्राचं तापमान, प्रवाह ही कारणं त्यात होतीच, पण पिल्लं धरली गेली हेही होतं.

तळ्यातल्या मासळीचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. रोहू, कटला कोंड्या-पेंडीवर वाढतात, ते खुशाल घ्या. कोळंबीचं तसं नाही. दक्षिण गुजरातच्या तळ्यांतल्या व्हॅनामेई जातीच्या कोळंबीच्या खाद्यात माशांची कुटी असते, आणि त्या कुटीत समुद्रातून खरवडून आणलेली बारीक मासळी जाते.

शेवटचं, बडोद्याला समुद्र नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात समुद्राकाठचं ओखामंडळ (द्वारकेचा भाग) होतं, कोडीनार होतं, नवसारी प्रांत होता. ओखामंडळाच्या समुद्री जीवांची पाहणी संस्थानानं जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून करून घेतली, तिचा अहवाल १९०९ साली निघाला. तेव्हा समुद्राशी आपला संबंधच नाही असं बडोद्यानं म्हणू नये. आणि ग्राहक-मच्छीमार बदलत नाहीत म्हणणाऱ्यांनी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या वेरावळकडे बघावं. तिथे व्हेल शार्क तेलासाठी, मांसासाठी मारला जाई. २००१ साली त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं, २००४ साली रामकथाकार मोरारी बापूंनी त्याला माहेरी बाळंतपणाला आलेली लेक म्हटलं, आणि त्यानंतर तेच मच्छीमार आपली महागडी जाळी कापून त्याला सोडू लागले.

समुद्र रिकामा झालाय असं कुणी घाबरवत असेल तर तेही खरं नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं २०२२ साली तपासलेल्या माशांच्या १३५ साठ्यांपैकी ९१.१ टक्के ठीक अवस्थेत होते. सांभाळण्यासारखं अजून पुष्कळ आहे. म्हणून विनंती अशी की तो मजकूर ज्यांनी पुढे धाडला त्यांनी निदान लहान पापलेटाची आणि गाभोळीची ओळ काढून तो पुन्हा पाठवावा. आणि येत्या आषाढात मासळीवालीनं ताजं पापलेट पुढे केलं, तर ते कुठून आलं हे तिला विचारावं.