अंटार्क्टिकाचा बर्फ गेला की क्रिल वाढतील? अजिबात नाही

‘अंटार्क्टिकाचा बर्फ वितळणं ही खुशखबर! ऊन जास्त, शेवाळ जास्त, म्हणून क्रिल आणि देवमासेही वाढणार.’ क्रिल म्हणजे कोळंबीसारखा इवलासा समुद्री जीव, देवमाशांचं खाद्य. हा फॉरवर्ड आता घरच्या ग्रुपवरही येऊन पोहोचला, म्हणून हे लिहावं लागतंय.

त्यातला मोठा पुरावा म्हणे दक्षिण अटलांटिकातलं साउथ जॉर्जिया बेट. तिथला समुद्र सहसा गोठत नाही, तरी क्रिलचे थवेच्या थवे! अहो, त्यातले बहुतेक क्रिल तिथे वाढलेलेच नसतात. त्या बेटाभोवती अळ्या फारशा तगत नाहीत. अंटार्क्टिक द्वीपकल्प आणि वेडेल समुद्राकडचे प्रवाह स्कोशिया समुद्र ओलांडून क्रिल तिथे आणून सोडतात. नळाला पाणी येतंय, मग धरण कशाला, असं म्हणण्यासारखं आहे हे. आवक आटते त्या वर्षी तिथल्या सील आणि पेंग्विनांची पिल्लं उपासमारीने मरतात.

धरण म्हणजे बर्फ. मादी उन्हाळ्यात हजारो अंडी सोडते. ती ७०० ते १००० मीटर खोल बुडत जाऊन फुटतात आणि अळ्या काही न खाता वर चढतात. पुढे हिवाळा. मोठा क्रिल अंग आक्रसून २०० दिवसही उपाशी काढतो. अळीकडे तेवढी चरबी नसते. पाण्यात तेव्हा शेवाळ जवळजवळ नसतंच, असतं ते बर्फाच्या खालच्या अंगाला. तेच ती खरवडून खाते. बर्फ उशिरा धरला तर त्यात शेवाळही कमीच अडकतं.

उन्हाळ्यात मोकळ्या पाण्यात काही ठिकाणी शेवाळ वाढतं, हे मान्य. पण द्वीपकल्पाजवळ बऱ्याचदा डायटम या मोठ्या शेवाळाऐवजी क्रिप्टोफाइट हे अगदी बारीक शेवाळ माजतं. क्रिलच्या गाळणीतून ते निसटतं, सॅल्प या जेलीसारख्या पारदर्शक जीवांना मात्र चालतं.

फॉरवर्ड पुढे म्हणतो, ‘२०१४ साली विक्रमी बर्फ होता.’ होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये मात्र तो १७.९ लाख चौ. किमीवर आला, उपग्रह-नोंदींतला नीचांक.

अँगस ॲटकिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये नऊ देशांच्या सुमारे १२ हजार जाळेफेकी तपासल्या. नैऋत्य अटलांटिकात आधीच्या हिवाळ्यात बर्फ जास्त, तर उन्हाळ्यात क्रिल जास्त, असं दिसलं. १९७० च्या दशकापासूनची घट मात्र २०१८ चं एक विश्लेषण मान्य करत नाही, हेही खरं. पण क्रिल वाढले, असं तेही म्हणत नाही.

आणि फॉरवर्डमधलं ‘साठा अमर्याद, हवं तेवढं क्रिलचं तेल काढा’? याच नैऋत्य अटलांटिकात क्रिल पकडायला हंगामाला ६ लाख २० हजार टनांची मर्यादा आहे. २०२५ च्या हंगामात ती गाठली गेली आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत चालणारी मासेमारी ऑगस्टच्या सुरुवातीलाच बंद करावी लागली.