‘अंदाज कायम चुकतो, शेतकरी बघतही नाही’: खरंच?

जून जवळ आला की व्हॉट्सअॅपवर तोच मजकूर फिरू लागतो. त्याचं सार असं: हवामान खात्याचा अंदाज कायम चुकतो, शेतकरी तो बघतसुद्धा नाही, आणि त्यापेक्षा पंचांगातलं नक्षत्राचं वाहन, म्हणजे ज्यावरून पावसाचा अंदाज बांधतात तो प्राणी, बरं.

‘कायम चुकतो.’ यामागचा राग खोटा नाही. जुलै 2017 मध्ये बीड जिल्ह्यातले शेतकरी हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांत गेले होते. पण इथे दोन वेगळे अंदाज एकात कालवले जातात. एप्रिलमध्ये येणारा टक्केवारीचा आकडा सबंध देशाच्या चार महिन्यांच्या पावसाचा असतो. त्यावर कोणी पेरणीचा दिवस ठरवला तर फसणारच. शेतीसाठी बघायचा तो कृषी हवामान सल्ला, दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा, पुढच्या पाच दिवसांचा. त्यातही ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ त्या भागातल्या फार तर 25 टक्के केंद्रांवर पाऊस. बाकीची कोरडी राहिली तरी अंदाज बरोबरच ठरतो. बातम्यांत मात्र ‘तुरळक’ गळतं आणि ‘मुसळधार’ तेवढं उरतं!

‘बघतसुद्धा नाही.’ हे लिहिणाऱ्याने गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीनंतर, नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात एक फेरी मारावी. पानं ओली राहिली की डाऊनी हा बुरशीचा रोग आलाच, आणि फवारणीनंतर लगेच पाऊस आला की औषधाचा पैसा मातीत. तिथे बागाईतदार मोबाइलवर दोन-तीन अंदाज ताडून बघतात, काहींनी तर बागेतच हवामान केंद्र बसवलंय. सोयाबीन काढणीच्या वेळी मराठवाड्यात हेच चालतं: पावसाची शक्यता दिसली की गंजीवर ताडपत्री. पाऊस नाही आला तर गेली तासाभराची मेहनत. पेरणीचं गणित वेगळं, तिथे अंदाज चुकला तर बियाणं, खत, मजुरी सगळंच जातं. म्हणून तोच माणूस ताडपत्रीसाठी अंदाज मानतो आणि पेरणीसाठी वापसा, म्हणजे मातीत पेरणीजोगी ओल आहे का, हे हाताने तपासतो. याला अविश्वास म्हणायचं असेल तर म्हणा, मला हा चोख हिशेब वाटतो. कृषी विभागही 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असंच सांगतो.

राहिलं वाहन. बेडूक असो की म्हैस, एका नक्षत्राला वाहन एकच, सावंतवाडीलाही आणि दुष्काळी माणलाही. मृग-आर्द्रा हे कामांचं कॅलेंडर म्हणून उत्तम, पण 2025 मध्ये पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोचला आणि मग दोन आठवड्यांहून जास्त अडून बसला. तेव्हा ‘पेरणीची घाई नको’ हे पंचांगाने नव्हे, कृषी विभागाने सांगितलं.

खरी तक्रार करायला जागा आहे, ती या मजकुरात नाहीच. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये तालुक्यापुरता सल्ला लिहिणारी जिल्हा कृषी हवामान केंद्रं होती, देशभरात 199. ती 2024 च्या सुरुवातीला बंद केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाज सुरू झाला. म्हणजे आकडे गावापर्यंत आले, पण ‘उद्याची फवारणी परवावर ढकला’ असं त्या आकड्यांवरून सांगणारा जिल्ह्यातला माणूस घरी गेला. यावर एखादा मजकूर फिरवा की.