महिपतीबुवांचे अमेरिकन अनुवादक

रेव्हरंड जस्टिन ॲबट हे नाव आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? वारकरी साहित्याचा अभ्यास करणारे सोडले तर जवळजवळ कुणालाच नाही, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

ॲबट अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री. मुंबईत आले ते ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठी, हे लपवण्याचं काहीच कारण नाही. इथली अनेक वर्षांची नोकरी संपवून ते मायदेशी परतले. बहुतेकांचं काम इथे संपतं.

यांनी मात्र सत्तरी ओलांडल्यावर महिपतीबुवा, म्हणजे अठराव्या शतकात संतांची चरित्रं ओव्यांत लिहिणारे कवी, हाती घेतले! १९२६ साली संत भानुदासांचं चरित्र इंग्रजीत आलं. मग एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम, रामदास. देहूचं इंद्रायणीतून वह्या वर येणं, महिपतींनी सांगितलं तसं, साता समुद्रापार पोचलं.

यातलं १९२९ चं संत बहिणाबाईंचं पुस्तक मला सगळ्यात मोलाचं वाटतं. कोल्हापुरात तिला लळा लावणारं ते वासरू आठवा. तिच्याशिवाय चारापाणी न घेणारं, कीर्तनालाही तिच्या मागोमाग येणारं. त्यावरून नवऱ्याचा मार, वासराचं मरण, आणि मग स्वप्नात तुकोबा. सतराव्या शतकातल्या एका बाईने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं हे आयुष्य ॲबटांनी जगापुढे ठेवलं. तिला बाजूला सारून ते फक्त मोठ्या नावांवर थांबू शकले असते.

१९३२ साली ते गेले. ‘भक्तविजय’ आणि ‘भक्तलीलामृत’ या महिपतींच्या संतचरित्रग्रंथांच्या अनुवादाचे खंड त्यानंतर बाहेर आले. त्यात पंडित नरहर गोडबोले त्यांच्या जोडीला होते आणि छपाईचं जे. एफ. एडवर्ड्स यांनी पाहिलं.

स्वतःचा धर्म घट्ट धरणाऱ्याला दुसऱ्याच्या धर्माला न्याय देता येत नाही, असं हल्ली फार ठामपणे बोललं जातं. मला ते मुळीच पटत नाही. ॲबट शेवटपर्यंत ख्रिस्ताचेच राहिले आणि आपल्या संतांची सेवाही त्यांनी मनापासून केली. हेतूबद्दल शंका घ्यायची तर खुशाल घ्या, पण आधी ती पुस्तकं उघडा. जुनी आहेत, इंटरनेटवर शोधली तर मिळतात. सुरुवात बहिणाबाईंपासून करा.

आणि पंडित गोडबोल्यांबद्दल कुणाकडे काही माहिती, घरातल्या आठवणी, एखादा फोटो असेल तर कृपया कळवा. या कामात त्यांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांच्याविषयी तर कुणीच बोलत नाही.