सुवार्ता सांगताना किंमतही सांगा

नाताळ जवळ आला की सांगली-मिरजेच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, पत्रिकांचे गठ्ठे बाहेर पडतात. एसटी स्टँडवर, बाजारात, दवाखान्यांच्या दारात वाटप होतं, किती वाटल्या ते वहीत लिहिलं जातं आणि सुवार्ता, म्हणजे येशूबद्दलची चांगली बातमी, सांगून झाल्यासारखं वाटतं. मला हे अजिबात पटत नाही. बायबलमधलं १ पेत्र ३:१५ हे वचन आपल्याला पाठ असतं. कुणी आपल्या आशेबद्दल विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, आणि ते सौम्यपणे द्या, असं पेत्र सांगतो. म्हणजे आधी कुणाला तरी विचारावंसं वाटायला हवं. ज्या शेजाऱ्याशी आपण वर्षभर नीट बोललो नाही, तो कशाला विचारेल?

विचारलंच, तर साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, तीन-चार मिनिटांत संपवा. आधी काय होतं, ख्रिस्त कसा कळला, आज काय वेगळं आहे, आणि अजून कोणता प्रश्न सुटलेला नाही. हा चौथा भाग बहुतेक जण गाळतात आणि तिथेच ऐकणाऱ्याचा विश्वास उडतो. ‘कोकऱ्याचं रक्त’, ‘अभिषेक’, ‘नवा जन्म’ हे शब्द मंडळीत ठीक आहेत, पण शेजाऱ्याच्या ओट्यावर ते कुणाला कळत नाहीत. त्याच्या घरातल्या देव्हाऱ्याबद्दल वाकडा शब्द गेला, तर पुढचं काहीच ऐकलं जात नाही, आणि त्यात दोष त्याचा नसतो.

त्याला पुढे जाणून घ्यायचं असेल तर मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाबद्दलचं बायबलमधलं पुस्तक, द्या. सोळा अध्याय आहेत. आठवड्याला एक धरला तरी चार महिने लागतात. वाचायला त्याच्याच घरी बसा, घरच्यांच्या देखत. प्रत्येक अध्यायानंतर विचारा: काय घडलं, येशू कसा वागला, आणि यातलं काय पटलं नाही? ‘काय पटलं नाही’ हे विचारायची आपल्याला भीती वाटते. पण बिरुया गावची माणसं प्रेषित पौलाचं बोलणं शास्त्रात रोज पडताळून पाहत होती, आणि बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे.

दवाखान्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं. वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं. हा वारसा आपण अभिमानाने सांगतो. मग ऑपरेशनच्या आदल्या रात्री, हाताला सलाइन लावलेल्या आणि भेदरलेल्या माणसाजवळ उभं राहून ‘येशूला स्वीकारता का?’ असं कसं विचारता येतं? तो कशालाही हो म्हणेल. नातेवाईक बाहेर चटईवर बसलेले, त्यांना पत्ताही नाही. त्याने प्रार्थना मागितली तर जरूर करा, दोन मिनिटं, नातेवाइकांना आत बोलावून. निर्णयाची गोष्ट तो बरा होऊन घरी गेल्यावर, आणि तीही त्याने काढली तरच. ‘गोळ्या बंद कर, विश्वास ठेव’ असं म्हणणाऱ्याला मंडळीत व्यासपीठ देऊच नये. टीबीचा साधा कोर्सही सहा महिन्यांचा असतो. तो मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातल्या लेकरांनाही लागण होते.

आता किंमत. बांधायला बसण्याआधी खर्चाचा हिशेब कर, हे लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात येशूने स्वतः सांगितलंय. आपण मात्र हिशेब लपवतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहे, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. म्हणजे शिक्षणातली आणि नोकरीतली ती सवलत जाते. हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराने धर्म बदलणं हे घटस्फोटाचं कारण ठरू शकतं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ नुसार, धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही, वारसा खुला होताना ती हिंदू असतील तरच मिळतो. हे बाप्तिस्म्याआधी समोर बसवून सांगा, जमल्यास वकिलासमोर. घरी सांगितलंय का, हे पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, विचारावं. सांगितलं नसेल तर तारीख पुढे ढकलावी.

इतकं सांगितलं की आपलं काम झालं. प्रतिसाद त्याचा, आणि तो त्याच्याकडून ओढून घ्यायचा नाही. अथेन्समध्ये पौलाचं बोलणं ऐकून काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, काहींनी विश्वास ठेवला, आणि पौल तिथून निघून गेला. शुभवर्तमानातला श्रीमंत तरुण, सगळं विकून गरिबांना दे ही अट ऐकून, खिन्न होऊन गेला तेव्हा येशू अट कमी करत त्याच्यामागे धावला नाही. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मधला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मधला. एकाच घरात पाच वर्षांचं अंतर. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून बसू शकत होते. शंभर वर्षांपूर्वी साताऱ्याने एवढी जागा करून दिली होती.

कुणी ‘नाही’ म्हटलं तर त्याच्याकडे जाणं थांबवू नका. तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला ठाऊक आहे, घड वेलीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबाच्या कळीत, एप्रिल छाटणीनंतरच तयार होतो, दिसतो मात्र ऑक्टोबर छाटणी झाल्यावर. आणि समजा कधीच हो आलं नाही, तरी तो शेजारी शेजारीच राहतो. दिवाळीला त्याच्याकडे जा, मयतीला खांदा द्या.

उरली आपली जन्माने ख्रिस्ती पोरं. मंडळीच्या रजिस्टरमध्ये नाव आहे म्हणून त्यांचा प्रतिसाद गृहीत धरला जातो. दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गात प्रश्नोत्तरं घोकायची, रविवारी पांढरे कपडे, फोटो, आणि पुढच्या महिन्यापासून बाक रिकामा. त्याऐवजी प्रत्येकाला एक पान लिहायला सांगा: मी ख्रिस्तावर विश्वास ठेवतो का, आणि का. आईबापांनी मदत करायची नाही. ज्याला ‘अजून माहीत नाही’ असं लिहायचंय त्याला ते लिहू द्या, रागावू नका, पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. त्या वर्षी दोनच मुलं पुढे आली तरी चालतील.