आंबट पाल्याचा पंचनामा

आपल्या गच्चीवर पोलीस येऊ शकतात, हे मला परवा संध्याकाळी कळलं. कळवणारे शेजारचे काका.

माझ्या हातात फवाऱ्याची बाटली होती. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, साबणाचे चार थेंब. उन्हं उतरल्यावर आणि पानांच्या खालून मारायचं. अंबाडीच्या शेंड्यांवर कापूस चिकटवल्यासारखे पिठ्या ढेकूण बसले होते, खालच्या पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी. एवढीच गोष्ट.

"वहिनी, हे काय लावलंय?"

"अंबाडी."

"अंबाडीचं पान असं असतं?"

असतं, त्याला मी काय करू? पंजासारखं, कडांना दाते. शास्त्रज्ञांनीसुद्धा हिचं नाव हिबिस्कस कॅनाबिनस ठेवलं, म्हणजे गांजासारखी दिसणारी जास्वंद. हे मी हौसेने सांगितलं आणि तिथेच फसले. काकांनी त्यातला गांजा तेवढा ऐकला आणि खिशातून मोबाइल काढला.

मग वाचन सुरू झालं. "भुरी. गांजावर येते. तुमच्यावर आहे?"

"माझ्यावर नाही, झाडावर आहे."

"तेच. लाल कोळी? मावा?"

"कोळी नाही. मावा गेल्या महिन्यात होता."

"बघा! दाट शेंड्यांत ओल अडकली की करडी बुरशी धरते म्हणे. तुमचे शेंडे दाट आहेत. लक्षणं सगळी जुळतात."

"काका, डास मलाही चावतात, तुम्हालाही चावतात. म्हणून मी काका होत नाही."

"विनोद नका करू. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा आहे. एक झाड सापडलं तरी आत."

"एक पान चावून बघा, आंबट लागेल."

"आणि चढली तर? मला बीपी आहे."

हे कोणी म्हणावं? जे दर महाशिवरात्रीला उज्जैनला जाऊन भांगेची ठंडाई पिऊन येतात आणि पुढचे दोन दिवस बायकोलाही इंदुरी थाटात 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणतात त्यांनी! त्याच कायद्यात गांजा म्हणजे फुलाफळांचे शेंडे. नुसती पानं त्यात धरत नाहीत, म्हणून आपल्या मध्य प्रदेशात भांगेची परवान्याची दुकानं उघड चालतात. विनापरवाना झाड लावणं मात्र गुन्हाच, तिथे काका बरोबर. पण माझं झाड भाजीचं आहे हो! तांदळाच्या कण्या घालून, वरून लसणाची चरचरीत फोडणी.

आणि हे ढेकूण आले कुठून? काकांच्याच जास्वंदीवरून. ती अंबाडीची सख्खी नातलग, त्यामुळे दोघींचे पाहुणेही तेच. फांद्या पांढऱ्याफट्ट झाल्यात, तीन वर्षांत कात्री लागलेली नाही. ढेकणांचा गोड चिकटा चाटायला मुंग्या येतात, त्यापायी त्यांची राखण करतात आणि त्यांची पिल्लं उचलून या झाडावरून त्या झाडावर नेतात. मधल्या भिंतीवरून त्यांची रांग थेट माझ्या कुंडीत. दोनदा सांगितलं, छाटा आणि पिशवीत बांधून कचरागाडीत द्या. तर म्हणे, "देवाला फुलं लागतात." देवाला फुलं लागतात, आणि आम्हाला भाजी लागत नाही? स्वच्छतेत देशात पहिलं येणारं इंदूर! ओला-सुका कचरा झोपेतही वेगळा करतील, पण जास्वंदीची एक फांदी छाटणार नाहीत.

रात्री कॉलनीच्या ग्रुपवर माझ्या अंबाडीचा फोटो. खाली, 'सावधान रहें.' हिंदीत, म्हणजे कोणी सुटायला नको. त्याखाली अकरा जणांचे जोडलेले हात. कशासाठी जोडले, कोणास ठाऊक. एकाने मात्र विचारलं, 'भिया, कित्ते का?'

सकाळी फोटो गायब. माफीबिफी काही नाही. कचरागाडी आली तशी मी रोगट पानांची पिशवी घेऊन खाली उतरले. काकाही उतरले होते. पिशवीकडे बघत राहिले. मी गाठ सोडून आतला पाला दाखवला, पुन्हा बांधली आणि गाडीत टाकली.

वर आले तर मुंग्या भिंत उतरत होत्या.