बॅटरी बदलण्याआधी अर्थिंग तपासा : जुन्या गाडीच्या ‘सहा खात्रीशीर उपायां’ना उत्तर

जुनी गाडी बाळगणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. त्याचा आशय थोडक्यात असा : सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) लागत नसेल तर बॅटरी गेली असे समजून नवी घालावी, इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढावी आणि गाडी बंद पडली तर अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी भरणारे यंत्र) खराब समजावा, फ्यूज वारंवार उडत असेल तर जास्त अँपिअरचा घालावा किंवा तांब्याची तार गुंडाळावी, गाडी गरम होत असेल तर थर्मोस्टॅट (पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून फेकावा आणि आपल्या हवेत कूलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाऐवजी) साधे पाणी वापरावे, घाटात गाडी बंद पडली तर पेट्रोलच्या पंपावर ओला फडका ठेवावा, आणि ब्रेक ऑइल कमी झाले तर हाताशी असलेले कोणतेही तेल भरावे. शेवटी ‘गॅरेजवाल्यांची लूट थांबवा, सर्वांना पाठवा’ असे आवाहन असते.

गॅरेजचा खर्च वाचावा ही इच्छा रास्त आहे आणि जुन्या गाडीचे पुष्कळसे बिघाड घरी ओळखता येतात, हेही खरे आहे. मी स्वतः 1997 सालची कार्बोरेटरची (म्हणजे पेट्रोल-हवेचे मिश्रण यांत्रिक पद्धतीने करणारी) मारुती 800 आजही वापरतो आणि तिची बरीचशी कामे मीच करतो. परंतु या सहापैकी पाच उपाय चुकीचे असून त्यांतील तीन सरळ धोक्याचे आहेत. त्यांच्यातील मूळ दोष एकच आहे. दिसणाऱ्या लक्षणालाच ते बिघाड समजतात आणि काहीही न मोजता एखादा भाग बदलायला, काढायला किंवा दडपायला सांगतात.

पहिला दावा बॅटरीचा. किल्ली फिरवल्यावर नुसता ‘टक’ आवाज येतो, दिवे मंद होतात आणि सेल्फ फिरत नाही, या लक्षणामागे बॅटरी असू शकते. पण तितक्याच सहजपणे बॅटरीची गंजलेली टर्मिनल, सेल्फच्या सोलेनॉइडमधील (सेल्फला प्रवाह जोडणाऱ्या स्विचमधील) झिजलेले संपर्क किंवा इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी, प्रवाह बॅटरीकडे परत नेणारी अर्थिंगची पट्टी यांपैकी काहीही असू शकते. लहान गाडीचा सेल्फसुद्धा शंभर-सव्वाशे अँपिअर प्रवाह ओढतो. एवढ्या प्रवाहाच्या वाटेत एका ओहमचा केवळ शंभरावा भाग इतका रोध आला, तरी सव्वा व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि तो सेल्फपर्यंत पोहोचत नाही. नवी बॅटरी घातल्यावर काही महिने गाडी सुरू होते, कारण नव्या बॅटरीचा जोर तो रोध कसाबसा ओलांडतो. मालकाला वाटते की निदान बरोबर होते.

माझ्या गाडीचे नेमके हेच झाले. एका गॅरेजमध्ये बॅटरी बदलून दिली, आठ महिन्यांत तीच तक्रार पुन्हा सुरू झाली आणि दुसऱ्या गॅरेजमध्ये ‘ही बॅटरीच डुप्लिकेट आहे’ असे सांगून तिसरी बॅटरी घालण्याचा सल्ला मिळाला. तेव्हा मी मल्टिमीटर घेतला. गाडी उभी असताना बॅटरीवर 12.5 व्होल्ट होते, म्हणजे बॅटरी जवळजवळ पूर्ण भरलेली होती. सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबांवर 11.3 व्होल्ट राहिले, म्हणजे बॅटरी दमलेलीही नव्हती. मग मीटरची एक सळई इंजिनच्या ब्लॉकवर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण खांबावर धरून घरातल्यांना किल्ली फिरवायला सांगितली. मीटरने 2.1 व्होल्ट दाखवले. चांगल्या अर्थिंगवर हा आकडा साधारण 0.2 च्या आत असावा लागतो. गिअरबॉक्सला जोडलेल्या अर्थिंगच्या पट्टीचा बोल्ट काढला, तर त्याखाली हिरवट क्षाराचा थर जमलेला होता. पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट घट्ट केला, वर पेट्रोलियम जेली लावली आणि आकडा 0.1 वर आला. दुसरी बॅटरी त्यानंतर चार वर्षे चालली.

ही चाचणी मी प्रत्येक जुन्या गाडीवाल्याला आग्रहाने करायला सांगतो, कारण तिला पाच मिनिटे लागतात. ती करताना इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलच्या धन टोकाची वायर काढून बाजूला सुरक्षित ठेवावी. हाच प्रयोग धन बाजूला, म्हणजे बॅटरीचा धन खांब आणि सेल्फवरचा जाड वायरीचा नट यांच्यामध्ये केला, तर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसू नये. मीटर नसेल तर आणखी एक खूण आहे : सेल्फ मारण्याचा प्रयत्न केल्यावर चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागत असेल, तर इंजिनची अर्थिंग गेलेली आहे आणि सेल्फचा प्रवाह त्या बारीक केबलमधून वाट काढतो आहे. बॅटरी खरोखरच गेली असेल तर तेही आकडेच सांगतात. रात्रभर उभ्या असलेल्या, भरलेल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजे, 12.2 म्हणजे ती अर्धी रिकामी आहे, आणि भरलेली असूनही सेल्फ मारताना तिच्या खांबांवरचा विद्युतदाब साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळत असेल तर ती बदलण्याला पर्याय नाही.

बॅटरी सकाळी उतरलेली सापडणे हा निराळा प्रश्न आहे आणि तिथेही नवी बॅटरी हे उत्तर नसते. किल्ली काढल्यानंतरही एखादा बाहेरून बसवलेला स्टिरिओ अर्धा अँपिअर ओढत असेल, तर 35 अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांच्या आत पूर्ण रिकामी होते. मग ती कालच दुकानातून आणलेली का असेना.

दुसरा दावा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो अनुभवी माणसांच्या तोंडूनही ऐकू येतो. चालत्या इंजिनावर बॅटरीची वायर काढण्याची पद्धत डायनॅमोच्या, म्हणजे अल्टरनेटरच्या आधीच्या यंत्राच्या, काळातली आहे. त्या डायनॅमोचे नियंत्रण लोखंडी पत्र्याच्या कटआउट डब्यातील रिले (विजेवर चालणारे स्विच) करत आणि त्या डब्यात नाजूक असे काही नव्हते. अल्टरनेटरची गोष्ट वेगळी आहे. तो बॅटरी भरत असताना वायर अचानक काढली, तर त्याच्या चुंबकीय क्षेत्रातील ऊर्जा त्या क्षणी कमी होऊ शकत नाही आणि सेकंदाच्या काही दशांशांसाठी दाब 40 व्होल्टच्याही वर जाऊ शकतो. त्यात अल्टरनेटरचे डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आणि रेग्युलेटर (विद्युतदाब ताब्यात ठेवणारा भाग) जळतात आणि इंजेक्शनच्या (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत इंजिनचा कंट्रोल युनिटही जाऊ शकतो, म्हणजे चाचणीच बिघाड निर्माण करते.

शिवाय ही चाचणी खरे काही सांगतही नाही. कार्बोरेटरच्या गाडीला चालू राहण्यासाठी इग्निशनपुरता थोडासाच प्रवाह लागतो. त्यामुळे एक डायोड गेलेला, बॅटरी धड भरू न शकणारा अल्टरनेटरही इंजिन चालू ठेवतो आणि मालक निश्चिंत होतो. योग्य रीत साधी आहे : इंजिन थोडे चढवून, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून बॅटरीच्या खांबांवर मोजावे. 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे. 13 च्या खाली असेल तर आधी फॅन बेल्ट सैल आहे का ते पाहावे, आणि किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागतो का तेही पाहावे, कारण अनेक जुन्या अल्टरनेटरांना सुरुवातीचे चुंबकत्व याच दिव्यातून मिळते. तो बल्ब उडालेला असला की निरोगी अल्टरनेटरही चार्जिंग करत नाही. काही रुपयांच्या बल्बपायी अख्खा अल्टरनेटर बदललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

तिसरा दावा फ्यूजचा. फ्यूज हा वायरीच्या संरक्षणासाठी असतो आणि वायरीची जाडी ठरवूनच त्याचा आकडा ठरवलेला असतो. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून लाल रंगाच्या 10 अँपिअरच्या फ्यूजऐवजी हिरवा 30 अँपिअरचा घातला, तर बिघाडाच्या वेळी त्याच वायरीत नऊपट उष्णता निर्माण होईपर्यंत कुणीही तिला थांबवणार नाही. तांब्याच्या तारेला तर मर्यादाच नसते. डॅशबोर्डखाली लागलेली आग विझवायला वेळ मिळत नाही, आणि तिथे शेजारून शेकडो इतर वायरी गेलेल्या असतात.

मग कारण शोधायचे कसे? उडालेल्या फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडावा. त्या मार्गावर कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण प्रखर पेटतो, पण वायर जळत नाही, कारण बल्ब पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊच देत नाही. आता त्या फ्यूजवरची एकेक जोडणी काढत जावी. ज्या क्षणी बल्ब मंदावेल किंवा विझेल, त्या जोडणीच्या पुढे दोष आहे. जुन्या गाडीत तो बहुधा डिकीच्या दाराच्या बिजागरीपाशी वाकून वाकून सोललेल्या वायरींत, पावसाचे पाणी शिरलेल्या मागच्या दिव्यांच्या होल्डरमध्ये किंवा हौसेने बसवलेल्या फॉग लॅम्पमध्ये सापडतो. शॉर्ट नसताना फ्यूज उडत असेल तर कुणीतरी 60/55 वॅटच्या जागी 100/90 वॅटचे बल्ब घातले आहेत का ते पाहावे. दोन बल्ब मिळून दहाऐवजी सोळा-सतरा अँपिअर ओढू लागतात. त्यावर उपाय म्हणजे मूळचे बल्ब, किंवा रिले आणि स्वतंत्र जाड वायर.

चौथ्या दाव्यात दोन चुका एकत्र आहेत. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो आणि तोपर्यंत इंजिनला लवकर गरम होऊ देतो. तो काढला की इंजिन थंडच चालते, पेट्रोल जास्त जाते, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली उतरते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच उघडताना बायपासचा मार्ग बंद करत असतो. तो नसला की पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहते आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. थर्मोस्टॅटची शंका असेल तर तो काढून, पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवून, पाणी तापवत थर्मामीटर लावून पाहावा. उघडण्याचे तापमान त्याच्यावरच छापलेले असते.

पण आधी गाडी केव्हा तापते हे पाहावे, कारण अर्धे निदान तिथेच होते. सिग्नलला काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर दोष पंख्यात, त्याच्या रिलेत किंवा थर्मोस्विचमध्ये (पाणी तापले की पंखा चालू करणाऱ्या स्विचमध्ये) आहे. कार्बोरेटरच्या गाडीत दोन टोकांच्या थर्मोस्विचच्या वायरी काढून एकमेकींना जोडल्या आणि किल्ली चालू ठेवली की पंखा फिरला पाहिजे. फिरला तर स्विच गेला, नाही फिरला तर फ्यूज, रिले आणि मोटर तपासावी. इंजेक्शनच्या गाडीत पंखा सेन्सरच्या माहितीवरून चालतो, तिथे हा प्रयोग करू नये. उलट सिग्नलला ठीक आणि वेगात किंवा खंडाळ्याच्या चढाला तापत असेल, तर रेडिएटर आतून चोंदलेला असण्याची शक्यता मोठी. आणि बाहेर थेंबही न गळता पाणी कमी होत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील किंवा ऑइलच्या पट्टीवर दुधाळ थर दिसत असेल, तर बहुधा हेड गॅस्केट (इंजिनचे हेड आणि ब्लॉक यांमधले सील) उडाले आहे. त्या गाडीला कोणताही घरगुती उपाय लागू पडत नाही.

‘कूलंट हे बर्फाच्या देशांसाठी’ या समजुतीविषयीही बोलले पाहिजे. पाणी गोठू न देणे हे त्याचे एक काम झाले. आपल्याकडे त्याचे उपयोगी काम म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमच्या हेडचे आणि रेडिएटरचे गंजण्यापासून रक्षण करणे व उत्कलनबिंदू वाढवणे. बोअरचे जड पाणी घातल्यास त्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत पापुद्र्यासारखे बसतात. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी 95-96 अंशांनाच उकळते, तर 0.9 बार दाबाचे चांगले झाकण असलेल्या रेडिएटरमध्ये समुद्रसपाटीला ते 118 अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे झाकणाचे फाटलेले रबर हेसुद्धा गाडी तापण्याचे कारण असते आणि ते सर्वांत स्वस्त कारण आहे. तापलेल्या इंजिनावरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. दाब सुटताच ते पाणी एकदम उकळून चेहऱ्यावर येते, आणि त्यावर ओतलेल्या गार पाण्याने हेडला तडा जाऊ शकतो.

पाचवा उपाय खरा आहे, पण अर्धाच. पद्मिनीसारख्या कार्बोरेटरच्या गाड्यांत इंजिनवर बसवलेला यांत्रिक पंप, ज्याला जुने मेकॅनिक एसी पंप म्हणत, टाकीतून पेट्रोल शोषून घेतो. तापलेल्या पंपात कमी दाबाखाली पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. ओला फडका ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबले की गाडी सुरू होते; घाट चढणाऱ्या कित्येक चालकांनी हे केलेले आहे. इंजेक्शनच्या गाडीत मात्र पंप टाकीत असतो आणि नळीतला दाब अडीच-तीन बार असतो. तिथे फडका ठेवायला जागाच नाही. अशी गाडी गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर सुरू होत असेल, तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरते आहे हे कळवणारा), इग्निशन कॉइल आणि पंपाचा रिले तपासावेत.

सहावा दावा मजकुरात एका ओळीत उरकलेला आहे आणि तोच सर्वांत घातक आहे. ब्रेक ऑइल हे खनिज तेल नसते. त्यात इंजिन ऑइल मिसळले की मास्टर सिलिंडर (पेडलने ऑइल दाबणारा) आणि व्हील सिलिंडर (चाकाजवळचा) यांची रबरे फुगतात, मग ब्रेक जाम होतात किंवा लागतच नाहीत, आणि प्रत्येक रबरी भाग बदलावा लागतो. योग्य ऑइलसुद्धा वर्षानुवर्षे जुने ठेवून चालत नाही, कारण ते हवेतले बाष्प शोषते : डॉट 3 प्रतीच्या नव्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू 205 अंश असतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलचा 140 अंशांपर्यंत खाली येऊ शकतो, आणि लांबलचक उतारावर ब्रेक तेवढे तापतात. पातळी पॅड झिजतील तशी हळूहळू उतरते, ते स्वाभाविक आहे. ती अचानक उतरली तर चाकांच्या आतल्या बाजूला गळती शोधावी. पेडल दोन-तीनदा दाबल्यावर कडक होत असेल तर बहुधा नळीत हवा आहे. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेच गळत नसेल, तर मास्टर सिलिंडरची रबरे गेली आहेत. अशी गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नये, आणि दोरीने टोचन करूनही नेऊ नये, कारण टोचनमागच्या गाडीला स्वतःचे ब्रेक लागतातच. ती उचलूनच न्यावी.