शेवट सांगू नका, मिक्सर लावीन

आज दुपारी मी नणंदेच्या मुलाच्या तोंडावर मिक्सर लावला. खरंच लावला. भाजलेला कांदा, खोबरं, तीळ, खसखस भांड्यात होतंच. झाकणावर हात दाबला आणि बटण एकदम तीनवर. तो पलीकडे तोंड हलवत होता, मी ढिम्म. रस्सा नेहमीपेक्षा बारीक वाटणाचा झाला, एवढाच फायदा.

झालं असं की, ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून माझं पुस्तक ठेवलेलं होतं. 'द इन्व्हेन्शन ऑफ मोरेल'. अर्जेंटिनाच्या आदोल्फो बिओय कासारेसची कादंबरी, 1940 सालची, मूळ स्पॅनिश. मी इंग्रजीतून वाचतेय. शंभरेक पानांचं पुस्तक, आठवडाभर रोज थोडंथोडं वाचून मी चाळीसाव्या पानावर आले. याने ते उचललं, मोबाईल काढला आणि चार मिनिटांत म्हणाला, "मामी, लई सोपं आहे हे. शेवट सांगू? ती बाई आहे ना, ती मुळात..."

आणि मी मिक्सर.

त्याला वाटतंय मामीचं डोकं फिरलंय. फिरलंयच. कोण सांगतं रे तुम्हाला दुसऱ्याच्या ताटातलं आधी खायला? आठवडाभर मी त्या बेटावर चाचपडतेय, मला काही कळत नाहीये, आणि मला तिथं लई बरं वाटतंय. हे ज्याला समजत नाही त्याला पुस्तक कशाला दाखवायचं!

तर पुस्तकात काय आहे, म्हणजे जेवढं मला ठाऊक आहे तेवढं सांगते. एक माणूस. नाव नाही. जन्मठेप झालेला, पळून आलेला, आपण निर्दोष आहोत असं म्हणणारा (सगळेच म्हणतात). कलकत्त्यातल्या एका इटालियन गालिचेवाल्यानं त्याला या बेटाबद्दल सांगितलं. कलकत्ता वाचून मी उगाचच खूश झाले, जणू आपल्याकडचंच कोणी निघालं. बेटावर एक म्युझियम, एक प्रार्थनाघर, एक पोहण्याचा तलाव, सगळं बांधून टाकून दिलेलं. तिथं कसलासा रोग आहे म्हणतात, माणूस बाहेरून आत मरत जातो, आधी नखं, केस. म्हणून कुणी फिरकत नाही, म्हणून हा तिथं लपलाय. आणि एक दिवस अचानक टेकडीवर माणसं. नाचतायत, ग्रामोफोन लावलाय, तलावात पोहतायत. हा बिचारा खाली दलदलीत, भरतीच्या पाण्यात.

ती भरती वाचली आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. 2019.

त्या वर्षी नागपंचमी 5 ऑगस्टला, सोमवारी होती. मी म्हटलं मावशीकडे शिरोळ तालुक्यात एका दिवसाचं जाऊन येते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती, हे पावसाळ्यात कोल्हापुरात लहान पोरंही सांगतात. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. धोका आधीच ओलांडलेला होता, तरी गेले. माझा मूर्खपणा. पुढे पाणी 55 फुटांच्या वर गेलं, हायवे बंद झाला आणि मावशीच्या गावाला वेढा पडला. आम्ही अकरा जण स्लॅबवर. जनावरांची दावी सोडलेली. मावशी दर तासाला जिन्यात उतरून भिंतीवर खडूने रेघ मारायची. "सहावी पायरी गेली," एवढंच म्हणायची, जसं कुणी दूध उतू गेलं म्हणतं तसं.

पुस्तकात एक भारी गंमत आहे. हा माणूस डायरीत लिहितो, मला वाटतं या बेटाचं नाव विलिंग्ज, हे एलिस बेटांपैकी असावं (म्हणजे आताचं तुवालू). आणि खाली तळटीप! कोणी संपादक म्हणतो, मला शंका आहे, हा टेकडी आणि तऱ्हेतऱ्हेची झाडं सांगतोय, एलिस बेटं तर सपाट आहेत. अरे, तो माणूस पाण्यात उभा आहे आणि तू नकाशा बघून शंका घेतोस?

आम्हालाही होता असा एक संपादक. पुण्यातले एक नातेवाईक. फोनवर सांगत होते, "छे, तुमच्या गल्लीत एवढं पाणी येऊच शकत नाही, मी मॅप उघडून बसलोय." मावशीने फोन माझ्या हातात दिला आणि रेघ मारायला गेली.

आता तुम्ही म्हणाल, माहिती लागतेच की. राधानगरी धरणाचे सातपैकी किती दरवाजे उघडले हे कळलं नाही तर माणसं मरतील. मान्य. दरवाजे सांगा. कादंबरी म्हणजे धरण नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या बाईचं.

पुस्तकात फॉस्टिन नावाची बाई आहे. रोज संध्याकाळी खडकावर येऊन बसते, डोक्याला रंगीत रुमाल, सूर्यास्त बघते. हा आधी लपून बघतो, मग धीर करून समोर जातो, बोलतो. ती बघतही नाही. रागावत नाही, घाबरत नाही, जणू हा तिथं नाहीच. मग हा वेडा तिच्यासाठी फुलांची छोटीशी बाग मांडतो. ती बाजूने निघून जाते.

आमच्या समोर, मध्ये गल्लीची नदी झालेली, पलीकडच्या स्लॅबवर एक बाई होती. मावशी तिला ओळखत असणार, गावातच राहायची. युरियाच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसायची. रोज संध्याकाळी, बुडालेल्या उसाकडे तोंड करून. घरात बाकी कुणी दिसलं नाही. मी हाका मारल्या. दोन्ही हात हलवले. मंगळवारी संध्याकाळी माझ्या मोबाईलला सहा टक्के बॅटरी उरली होती, तरी टॉर्च लावून तीनदा उघडझाप केली. तिनं मान वळवली नाही. मावशी खेकसली, "कशाला वरडायलीस? तिला बोलायचं न्हाई तर न्हाई." आणि बॅटरी गेली ती गेलीच. घरचे दोन दिवस काळजीत, त्या शिव्या अजून खाते मी.

म्हणून ती फुलांची बाग वाचली तेव्हा मला हसू आलं आणि मग नाही आलं.

बोर्हेसनं (तोही अर्जेंटिनाचाच मोठा लेखक, याचा मित्र) प्रस्तावनेत या कथानकाला परिपूर्ण म्हणून टाकलंय. ती प्रस्तावना मी अर्धीच वाचून सोडली, मोठ्या माणसांवरही शेवटाच्या बाबतीत भरवसा नाही. मला स्वतःला मधली काही पानं रटाळ वाटली, खोटं कशाला बोलू. हा माणूस स्वतःची लई कीव करतो. आणि कोड्यात बोलणारी सगळीच पुस्तकं भारी नसतात, अर्धी नुसती लेखकाची हौस असते, हेही खरं. पण हे सव्विशीतल्या पोराने लिहिलंय. सव्विशीत मी डबे भरत होते.

भाच्यावर जरा जास्तच ओरडले. जेवताना गप्प बसला होता, रस्साही दुसऱ्यांदा मागितला नाही. त्यालाही काय बोलायचं, मोबाईलवर सगळं चार मिनिटांत मिळायची सवय लावली कुणी? आपणच. जाताना दारात म्हणाला, "मामी, पण त्या पुरातल्या बाईचं तरी विचारलंस का मावशीला? का नाही बोलली ती?"

नाही विचारलं. गुरुवारी बोट आली, आम्ही निघालो, पुढे चिखल काढण्यात आठवडे गेले. एक फोन केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. बहिरी असेल. बांधावरून भांडण असेल. घरातलं कुणी गेलं असेल. विचारलं नाही आणि का नाही तेही नीट सांगता येत नाही मला.

भांडी झाल्यावर आज लावला मावशीला फोन. "काय गं, अवेळी?" म्हणाली. मी म्हटलं, मावशी, आपण स्लॅबवर होतो ना तेव्हा... आणि पुढे जीभच वळेना.

"तेव्हा काय?"

"काही नाही. पाणी किती आहे आत्ता?"

"घाटाच्या पायरीला लागलंय नुसतं. का गं? येतीस का पंचमीला?"

येते म्हटलं. चाळीसाव्या पानाला बसचं तिकीट घालून ठेवलंय.

कमेंटमध्ये कुणी शेवट लिहिलात तर सरळ ब्लॉक. भाच्यालाही सांगून ठेवलंय.